दिवा लागण्याआधीची वेणी

वैनी,

त्या संध्याकाळी तुझे केस सरजाकाकूनं विंचरले. हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

धनजहून तुझ्या माहेरची माणसं यायची होती. त्यांच्यासाठी सगळे थांबले होते. बायकांनी तुला न्हाऊ घातलं, हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं. उशाशी दिवा ठेवून झाला होता. केसांपाशी आल्यावर मात्र सगळ्यांचे हात थांबले. दिवस बुडालेला, दिवा लागलेला. अशा वेळी केसांत फणी कोणी घालायची? सगळ्याजणी एकमेकींकडे बघत होत्या. तेवढ्यात सरजाकाकू फाटकातून आत आली. पोळ्यापासून तिनं आपल्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. ती सरळ तुझ्या डोक्याशी बसली.

"आना व फनी," ती म्हणाली.

"काकू, तिनसांज झाली ना," कोणीतरी पुटपुटलं.

"झाली त झाली. ही काय अशी झिपरी जाईन?"

आणि तिनं तुझा एकेक गुंता सोडवला. केस ओढले जाऊ नयेत म्हणून मुळाशी बोटं धरून सोडवला, जसा जिवंत माणसाचा सोडवतात. मी खांबाला टेकून उभा होतो. या बाईला मी छापील कागदावर 'रूढीची पहारेकरीण' म्हटलं होतं. त्या वेळी मला तिच्याकडे बघता आलं नाही. तुझ्याकडेही बघता आलं नाही.

तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. तुझ्यावर काही लिहायला मी तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा कागदावर पत्रकच उतरलं. 'भगिनींनो, आज आपल्यातून एक दीप…' असं काहीतरी. तू वाचलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. म्हणून आता भगिनींना आणि बांधवांना बाजूला ठेवतो आणि फक्त तुझ्याशी बोलतो.

तू या घरात आलीस तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आमच्या घरात देवांच्या तसबिरी कमी आणि पत्रकं जास्त. बाबांनी चळवळीच्या दिवसांत ती सरकीच्या पोत्यांत लपवली होती आणि त्याच कागदांवरून मला अक्षरओळख करून दिली होती. दुसरी मुलं 'कमळ' वाचायला शिकली, मी 'जुलूम' वाचायला शिकलो. बाबा गेल्यावर त्या पत्रकांची सगळी पेटी माझी झाली. तू नवी नवरी, चुलीपुढं बसलेली, आणि मी तुला उभ्यानं पत्रक वाचून दाखवायचो. तू भाकरी थापत ऐकायचीस. एकदा मी स्त्रियांच्या मुक्तीवरचं पत्रक पूर्ण वाचलं आणि घाम पुसला. तू विचारलंस,

"भाऊजी, लय चांगलं हाये. पन या कागदात सकाळी कोन उठते, थे लिवलं हाये का?"

"म्हणजे?"

"म्हंजे पानी कोन आनते, दळन कोन दळते, पोट्टे कोन उठवते? मुक्ती किती वाजता सुरू होते, थे पाहून राह्यलो मी."

मला राग आला होता. तेरा-चौदा वर्षांच्या पोराला असा राग येतो की तो जन्मभराचा वाटतो. मी म्हणालो, तू प्रश्न लहान करतेस. तू म्हणालीस, "मी लहानच हावो ना बापा," आणि माझ्या ताटात दुसरी भाकरी टाकलीस. आपल्या दोघांचा वाद तेव्हापासूनचा. तो अजून संपलेला नाही, वैनी, आणि आता माझ्या बाजूनं एकट्यानंच चालवावा लागतो, हे मला सहन होत नाही.

आपल्या गल्लीतली सकाळ तुला आठवते. तुला न आठवून कसं चालेल, तूच ती बदललीस. वेचणी असो की निंदण, बाया उन्हं वर येण्याआधी वावरात निघायच्या. शाळा अकराची, पण आई घरात असेल ती आठापर्यंतच. होळीनंतर शाळा सकाळची झाली की मग तर विचारूच नको. तेवढ्या वेळात पाणी, चूल, धाकट्याचं अंग पुसणं, म्हाताऱ्याचं औषध, आणि पोरगी शाळेत जात असेल तर तिची वेणी. मास्तर प्रार्थनेला नखं बघायचे आणि केस बघायचे. पोरांचे केस कापलेले, त्यांचं निभायचं. पोरींना परत घरी पाठवायचे. म्हणून प्रत्येक घरात सकाळी एकच आवाज. रात्रभराचा गुंता, त्यात घाईनं घुसलेली फणी, पोरीची किंकाळी, मग पाठीत धपाटा, मग आईची शिवी, मग सगळ्यांचं रडणं. एखादी आई रडत रडतच वावरात जायची, आणि एखादी पोरगी अर्धी वेणी घालून शाळेत जायची आणि अर्ध्या तासानं परत यायची. चार वेळा परत आली की पाचव्यांदा जात नसे.

मी याच गावात वाढलो. मी हे आवाज रोज ऐकले आणि 'मुलींच्या शिक्षणाला पुरुषी सत्तेचा विरोध' यावर लेख लिहिला. विरोध होता, नव्हता असं नाही. पण तू आपल्या लेकीला, कुसुमला, पहिलीत घातलंस त्या वर्षी दारात उभी राहून गल्ली ऐकलीस आणि मला म्हणालीस,

"शाळेचं काई नाही, भाऊजी. सकाळचं हाये."

तुझा उपाय इतका साधा होता की मला तो उपाय वाटलाच नाही. सकाळची वेणी संध्याकाळी घालायची. बस्स. रात्री डोक्याला फडकं बांधून निजायचं, सकाळी वरून ओला हात फिरवायचा, झालं. पण संध्याकाळी केसांत फणी घातली की लक्ष्मी जाते, हे गावात प्रत्येक बाईला तिच्या आईनं सांगितलेलं. तू ते खोटं आहे असं कोणाला म्हणाली नाहीस. तू फक्त विचारलंस, तिनसांज कधी लागते? दिवा लागल्यावर. मग दिवा लागायच्या आधी काय असते?

हिवाळ्यात शाळा सुटल्यापासून दिवा लागेपर्यंत जेमतेम पाऊण तास. तेवढ्यात एक बाई अकरा वेण्या घालू शकत नाही. तू पोरींना अंगणात एकीमागे एक बसवलंस, बैलगाड्या लागतात तशा. प्रत्येकीनं पुढच्या पोरीची वेणी घालायची. सगळ्यात मागच्या पोरीची तू घालायचीस. लहान पोरींना आधी नीट जमेना, वेण्या वाकड्या व्हायच्या, पण कोणी किंचाळत नव्हतं. कारण जिच्या केसांत तुमची फणी आहे तिला दुखवलं तर तुमच्या मागचीची फणी तुमच्या केसांत आहेच! हे तू ठरवून केलंस की आपोआप झालं, ते मी कधी विचारलं नाही.

आणि सरजाकाकू. गल्लीत तिच्या तोंडाला कोण लागणार? ती दुसऱ्याच दिवशी फाटकात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय व, घरादाराचं वाटोळं करता का? सांजच्याले केसं?"

"नाही ना काकू. पन मले बापा दिवसाचं समजत नाही. या झाडाआड बुडते का त्या टेकाडाआड, मले धनजवालीले काय मालूम? तुमी इथं ओट्यावर बसा. तुमी म्हटलं 'बास', की बास. एक केसबी नाही इचरनार."

काकू बसली. पहिल्या दिवशी रुसून बसली, दुसऱ्या दिवशी पान खात बसली, तिसऱ्या दिवशी आपल्या नातीला, वत्सलीला, घेऊन आली. मग रोज तिचा आवाज सबंध गल्लीला ऐकू जायचा: "बास व पोट्ट्याहो, दिवा लावतो मी आता!" आणि सगळ्या फण्या एकदम खाली. ज्या बायांना भीती वाटत होती त्यांची भीती तिथंच संपली. सरजाकाकू बसली आहे ना, मग झालं.

वेणीच्या आडून तू आणखी बरंच शिकवलंस. पोरीला चुलीपासून हाक मारायची नाही. उठून तिच्या अंथरुणापाशी जायचं, पाठीवर हात ठेवायचा, एकदाच नाव घ्यायचं. पाटी संध्याकाळीच धुवून खुंटीला टांगायची. सकाळी कण्या नाहीतर ताक-भाकर, चूल पेटायची वाट बघायची नाही. कोणी म्हणायचं, "चुलीपासून उठायले वेळ कोनाले हाये?" तू म्हणायचीस, "ओरडायले लागते थ्यापेक्षा कमी लागते. मोजून पाहा." त्या वर्षी होळीनंतरची सकाळची शाळा लागली आणि आपली गल्ली सकाळी इतकी शांत होती की मी लिहायला पहाटे उठू लागलो. मी ती शांतता वापरली, वैनी. ती कुठून आली हे मी लिहिलं नाही.

नाही, लिहिलं. तेच तर लिहिलं.

तुझं ते 'दिवा लागायच्या आधी' मला सलत होतं. मला वाटायचं, ही शरणागती आहे. स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली आणि आपण अजून एका म्हातारीच्या 'बास'वर फण्या खाली ठेवतो! लक्ष्मी जात नाही हे तुला माहीत होतं, मग तसं सांगायचं का नाही? मी तुला रोज छळायचो.

"दिवा लागल्यावर एक वेणी घाल. एकच. सगळ्यांच्या देखत. काही होत नाही हे दिसू दे."

"मले मालूम हाये काई होत नाही."

"मग घाल ना!"

"मंग उद्या पोट्ट्या येनार नाहीत."

मग मी तुला न विचारता पत्रक लिहिलं. कारंज्याला जाऊन छापून आणलं. त्याची शाई ओली होती तोवर मी सायकलीवर ते छातीशी धरून आणलं, इतका मला त्याचा अभिमान. त्यात तू होतीस, 'रूढीच्या नरड्यावर पाय देणारी आमची एक माउली'. आणि त्यात काकू होती. नाव नव्हतं. 'ओट्यावर बसून सूर्याकडे बघणारी एक अज्ञानी म्हातारी, रूढीची पहारेकरीण.' आपल्या गावात ओट्यावर बसून सूर्याकडे बघणारी म्हातारी एकच आहे. पोळ्याच्या दिवशी बैल घेऊन सगळं गाव तोरणाखाली जमलं होतं, तिथं मी ते वाटलं. एक कागद चावडीच्या भिंतीला खळीनं चिकटवला.

दुसऱ्या संध्याकाळी ओटा रिकामा होता. पोरी आल्या, बसल्या, पण दिवस केव्हा बुडतो हे सांगायला कोणी नव्हतं. तू सांगितलंस, पण तुझ्या सांगण्याला ते वजन नव्हतं. चौथ्या दिवशी पुरुषमंडळी दादाला बोलून गेली, आमच्या पोरींचं नाव कागदात नको. आठवड्यात अकराच्या तीन झाल्या. गल्लीत पुन्हा सकाळचा तो आवाज सुरू झाला. वत्सलीनं शाळा सोडली, आणि तिच्या मागोमाग आणखी एकीनं.

तू माझ्यावर ओरडली असतीस तर बरं झालं असतं. मी भांडायला तयार होतो, माझे सगळे मुद्दे तयार होते. तू माझ्यापुढं ताट ठेवलंस आणि खाली बसलीस.

"तुमी खोटं नाही लिवलं, भाऊजी. मले एक सांगा. तुमाले वत्सली शाळेत पाह्यजे होती का काकू हारलेली पाह्यजे होती?"

मी म्हणालो, सत्य सांगितल्यानं जे पळतात त्यांच्यासाठी सत्य थांबत नाही. हे वाक्य मला तेव्हा फार चांगलं वाटलं. तू ते ऐकलंस. मग म्हणालीस,

"जाऊन या काकूकडं. पाया नका पडू. नुसतं बसा."

"मी चुकीचं काही केलेलं नाही."

"बसाले चूक करा लागते का?"

मी गेलो नाही. तू गेलीस. दोनदा गेलीस, मला माहीत आहे. काकूनं दार उघडलं नाही. तू ओट्यावर बसून परत आलीस. नंतर तुला ताप आला. तापातही तू एकदा मला विचारलंस, "गेले होते का?" मी म्हणालो, "तू बरी हो, मग बघू." तू डोळे मिटलेस. ते झोपेनं मिटलेस की माझ्या उत्तरानं, हे मला आता कोण सांगणार?

यानंतरचं तुला माहीत नाही, म्हणून लिहितो.

तेराव्याला तुझी माय म्हणाली की कुसुमला धनजला नेते. तुझ्या मायनं सरळ विचारलं, "इथं तिचं सकाळचं कोन पाह्यल? बाप वावरात, काका कागदात." धनजला घरात दोन तान्ही पोरं आहेत, आठ वर्षांच्या मुलीला तिथं काय काम लागेल हे तुला सांगायला नको. मी ताडकन म्हणालो, मी पाहीन. तुझी माय म्हणाली, "पौर्णिमेलोक पाह्यतो. मंग येतो न्यायले." म्हणजे कुसुमची शाळा माझ्या सकाळींवर ठरणार होती; आणि मी जन्मात एकाही मुलाला शाळेसाठी तयार केलेलं नव्हतं.

मी काय केलं असेल सांग. मी नियम लिहिले. ठळक अक्षरात, सात नियम, 'सकाळचा कार्यक्रम' असं वर लिहून चुलीमागच्या भिंतीला लावले. पहिल्या दिवशी मी उशिरा उठलो, चूल पेटेना, धूर झाला, आणि मी धुरातून कुसुमला हाका मारत सुटलो. एक, दोन, पाच. फणी घेतली ती वरून खाली ओढली. तिनं "माय" म्हणून किंकाळी फोडली. माझा हात उठला, वैनी. मी मारलं नाही. पण हात उठला होता आणि तिनं मान खाली घालून घेतली होती, सवय असल्यासारखी. तुझ्या घरात तिला ती सवय कधी लागली? लागली नव्हती. पहिल्याच दिवशी मान कशी खाली घालायची ते तिला कळलं.

त्या आठवड्यात तीन दिवस मास्तरांनी तिला परत पाठवलं. चौथ्या दिवशी मी तिला नियम वाचून दाखवायला लागलो तेव्हा ती म्हणाली,

"काका, तुमी वाचू नका ना. तुमाले वेनी येत नाही."

त्या दुपारी मी काकूकडं गेलो. ती ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. वत्सली आत भांडी घासत होती.

"कोन हाये? छापखाना आला का?" काकू वर न बघता म्हणाली.

"मी आहे, काकू. मी चुकलो."

"काय चुकला? लिवलं थे खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं."

"मंग?"

काकूनं शेंगांची पाटी बाजूला सारली.

"मले वाचता येत नाही, मधुकर. चावडीवरचा थो कागद मले वत्सलीनं वाचून दाखवला. बोट ठिवून ठिवून. नवीनच शिकली होती ना, तिले लय आनंद. वाचता वाचता थांबली अन् मले इचारते, 'आजी, अज्ञानी म्हंजे काय व?'"

वैनी, हे तुला माहीत होतं का? तू दोनदा त्या ओट्यावर बसून आलीस, तेव्हा हे तुला कळलं होतं का, आणि तू मला सांगितलं नाहीस? ज्या पोरीला तू अक्षरांपर्यंत नेलंस, तिनं पहिला छापील कागद वाचला तो तिच्या आजीच्या अपमानाचा. आणि तो मी लिहिला होता. तू हे माझ्यापासून लपवलं असशील तर मी तुझा ऋणी आहे, आणि त्याच वेळी मला वाटतं की सांगायला हवं होतंस. मी कदाचित गेलो असतो.

"माफी मांगाले आला का पोरीची वेनी घालून घ्याले?" काकूनं विचारलं.

"दोन्हीसाठी."

"माफी नाही भेटनार. पोरीले आन."

दिवस कलल्यावर मी कुसुमला आणलं. काकूनं तिला ओट्याच्या पायरीवर बसवलं आणि फणी माझ्या हातात दिली.

"मी नाही घालत. मी उद्या मेलो त? तू घाल. तुहे हात काय कागदापुरतेच हायेत?"

सगळ्या गल्लीसमोर, वैनी. वावरातून परतणाऱ्या बाया थांबून बघत होत्या. एकजण म्हणाली, "अवं पाह्य, लेखक वेनी घालून राह्यला!" दुसरी म्हणाली, "छापून टाका म्हना आता." मी मान खाली घालून तीन पदर धरले. काकू शेंगा सोलत सांगत होती: खालून सोडव, वरून नाही. मुळाशी धर. घाई कायची हाये तुले? पहिली वेणी ढिली झाली. "सोड. पाह्यटेलोक टिकनार नाही." दुसरी वाकडी. तिसरी चालू होती तेव्हा काकूनं मान वर करून आभाळाकडं बघितलं.

"बास."

अर्धीच वेणी झाली होती. मी फणी खाली ठेवली. वाद घातला नाही. उरलेली कुसुमनं हातानंच गुंडाळली.

दुसऱ्या दिवशी पूर्ण झाली. तिसऱ्या दिवशी मी वेणी घालत असताना वत्सली भांडी टाकून आली आणि कुसुमच्या पुढं पायरीवर बसली. कुसुमनं तिच्या केसांत फणी घातली. वत्सली अजून शाळेत येत नाही. काकू अजून हो म्हणत नाही. मला माफ केलंय असंही नाही, परवा मी पाणी मागितलं तर म्हणाली, "माठ थिकडं हाये, अज्ञानी मानसानं दिलेलं चालन का?" मी पाणी प्यालो.

काल पौर्णिमा होती. तुझी माय आली. तुला आधी सांगून टाकतो, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागायला नको: कुसुम इथंच आहे. तुझी माय आज दुपारच्या गाडीनं एकटीच परत गेली. जाताना दादाला म्हणाली, "राहू द्या तिले." पण सकाळी जे झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण ते पाहायला तू हवी होतीस.

मी अंधारातच उठलो होतो. कण्या कालच भिजवल्या होत्या. भिंतीवरचा माझा कागद चार दिवसांपूर्वीच चुलीत गेला. मी कुसुमच्या अंथरुणापाशी जाऊन बसलो. नाव घ्यायच्या आधीच तिनं डोळे उघडले. तिनं तोंड धुतलं, कण्या खाल्ल्या, मी तिच्या केसांवरून ओला हात फिरवला, फीत बांधली. दप्तर भरलेलं होतं. तुझी माय भिंतीशी बसून हे सगळं बघत होती.

आणि मग करायला काहीच उरलं नाही. शाळेला अजून बराच वेळ होता. दादा वावरात गेलेला. कुसुम दप्तर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली. मी तिच्याशेजारी बसलो. इतक्या दिवसांत आम्ही दोघं असे कधी बसलोच नव्हतो. रोज धूर, हाका, फणी, मास्तर. गल्लीतून बाया वावराकडं गेल्या. मग गल्ली रिकामी झाली.

कुसुम रडायला लागली.

आधी आवाज नव्हता. मग तिचे खांदे हलायला लागले आणि मग ती मोठ्यानं रडली, 'माय, माय' म्हणत, दप्तरावर तोंड दाबून. तू गेल्यापासून ती पहिल्यांदाच अशी रडत होती. आम्ही तिला त्यासाठी सवडच दिली नव्हती. तुझी माय उठली, तिला पोटाशी धरायला आली, "आज नको जाऊ व माये शाळेत" असं काहीतरी म्हणाली. मलाही रडू आलं होतं. आम्ही तिघंही तिथं उंबऱ्यात रडत बसलो होतो, आणि कोणालाही घाई नव्हती.

बऱ्याच वेळानं कुसुमनंच तोंड पुसलं. उठून माठावर गेली, डोळ्यांना पाणी लावलं, केसांवरून आपला हात फिरवून बघितला, दप्तर खांद्याला अडकवलं. "जातो मी, आजी," म्हणाली. मी फाटकाशी उभा राहून ती वळणाआड जाईपर्यंत बघत होतो, मग राहवेना म्हणून मागं मागं गेलो.

ती शाळेच्या पटांगणात शिरली तेव्हा घंटा अजून झाली नव्हती.